पहिला मान चालणाऱ्याचा

जानेवारीत भाचा फिनलंडहून आला तेव्हा त्याच्या बॅगेत चॉकलेटांच्या जोडीला प्लास्टिकच्या तीन चकत्या होत्या. एक जाडसर काठाची, एक मध्यम, आणि तिसरी अशी की काठावरून बोट फिरवलं तर विळीची आठवण व्हावी. "मावशी, ही चौपाटीवरची फ्रिसबी नाही हं," त्याने आधीच बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं घराजवळच्या एका उद्यानात गेलो. नवी मुंबईतलंच, नाव राहू दे. एका झाडाखाली मी धुण्याच्या कपड्यांची जाळीदार टोपली ठेवली आणि चाळीस पावलांवरून नेम धरला. चकती सुटली ती थेट टोपलीच्या दिशेने. जमलं की, असं मनात म्हणतेय तोवर शेवटच्या टप्प्यात तिला काय आठवलं कोण जाणे, ती डावीकडे कलली, मेंदीच्या कुंपणावरून पलीकडे गेली आणि चालण्याच्या ट्रॅकवर एका आजोबांच्या बुटाला घासून थांबली.

आजोबा ओरडले नाहीत. चकतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अहो मॅडम, माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. तुम्ही 'बाजूला व्हा' म्हणालात तरी मला व्हायला वेळ लागतो. तोवर तुमची ही थाळी हवेत थांबणार आहे का?"

मी माफी मागत होते तेवढ्यात शिट्टी वाजली. सुरक्षारक्षक पळत आला. "मॅडम, इथं खेळायचं नाय. बोर्ड लावलाय." खरंच लावला होता. गवतावर चालू नये, फुले तोडू नयेत, मोठ्यांनी झोपाळ्यावर बसू नये, आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरांत: उद्यानात कोणताही खेळ खेळण्यास सक्त मनाई आहे.

वरवर पाहिलं तर आजोबा आणि बोर्ड दोघंही एकच सांगत होते, खेळू नका. पण आजोबांचं म्हणणं रास्त होतं आणि बोर्डाचं नाही. या दोन गोष्टींची गल्लत आपल्या शहरात रोज होते. नव्या कुठल्याही खेळाला बागेत जागा मागायची तर आधी ती सोडवायला हवी. मला खारघरच्या सेंट्रल पार्कात डिस्क गोल्फचा, म्हणजे या चकत्यांच्या खेळाचा, कोर्स हवा आहे. फुकट, बिनकुंपणाचा, नऊ टोपल्यांचा. आणि तो आजोबांच्या अटीवर हवा आहे.

खेळ समजायला पाच मिनिटं पुरतात. गोल्फमध्ये चेंडू खळग्यात घालायचा, इथे चकती टोपलीत टाकायची. टोपली म्हणजे साधारण छातीच्या उंचीचा लोखंडी खांब, त्याला वरून लोंबणाऱ्या साखळ्या आणि खाली गोल जाळी. चकती साखळ्यांवर आदळते, जोर मरतो, खाली जाळीत पडते. चकती जिथे पडेल तिथून पुढची फेक. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची, मग पुढची टोपली. लहानपणी गोट्यांनी गल गाठलेल्या कुणालाही हे वेगळं शिकवावं लागत नाही.

या साखळ्यांची गोष्ट मला फार आवडते. एड हेडरिक नावाचा माणूस अमेरिकेत फ्रिसबी बनवणाऱ्या कंपनीत होता. 1975मध्ये लॉस एंजलीसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमचा कोर्स झाला तो त्याच्याच खटपटीने. एका सार्वजनिक बागेत, हे लक्षात घ्या, क्लबात नव्हे. तेव्हा टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते, आणि खांबाला चकती लागली की नुसती चाटून गेली यावर भांडणं व्हायची. गल्ली क्रिकेटमध्ये कट लागली का नाही यावर होतात तशीच. भांडणांना कंटाळून त्याने साखळ्यांची टोपली काढली आणि 1977मध्ये तिचं पेटंट मिळवलं. 2002मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या ओतल्या गेल्या. आपल्याकडे अस्थी नाशिकला जातात, याच्या साखळ्यांत जाऊन पडल्या. आज जगभरात 15,000हून जास्त कोर्स आहेत, त्यातले बहुतेक फुकट. साठ लाखही वस्ती नसलेल्या फिनलंडमध्ये ते शेकड्याने आहेत. भाचा म्हणतो, ऑफिस सुटल्यावर तिथे लोक चकत्यांची पिशवी खांद्याला लावून बागेत जातात, आपण भाजी आणायला जातो तसे.

आता आजोबा. त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेणारे खेळाडू मला भेटले आहेत आणि ते चुकतात. चकतीचं वजन दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम असतं. पातळ काठाची, लांब पल्ल्याची, तिला ड्रायव्हर म्हणतात, ती चांगल्या खेळाडूच्या हातून शंभर मीटरच्या पुढे जाते, आणि सुटताना व्यावसायिक खेळाडूंचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर असतो. ती कुणाच्या कानशिलावर बसली तर टाके पडतील. शिवाय ती सरळ जात नाही. उजव्या हाताने छातीसमोरून बाहेर फेकलेली चकती वेग ओसरला की डावीकडे वळतेच, वरून पाहिलं तर ती घड्याळाच्या काट्यांसारखी फिरत असते म्हणून. डावखुऱ्याची उजवीकडे. माझ्या चकतीला त्या दिवशी काही आठवलं नव्हतं, ती तिच्या स्वभावाप्रमाणे गेली. मला तो स्वभाव माहीत नव्हता, आणि ट्रॅक माझ्या डाव्या हाताला होता.

म्हणजे दोष मांडणीचा. डिस्क गोल्फच्या नियमपुस्तकातच लिहिलंय की फेक कुणाला लागण्याची शक्यता असेल तर फेकायचं नाही. समोरून कुणी चाललं असेल तर थांबायचं, तो रेंगाळला तरी थांबायचं. बागेतला पहिला मान चालणाऱ्याचा. पण नियम पुस्तकात असून भागत नाही, जमिनीवर तसा आखावा लागतो. टोपलीची वाट चालण्याच्या ट्रॅकला कुठेही ओलांडणार नाही, डाव्या अंगाला किमान पंचवीस-तीस पावलं मोकळी, बाकं फेकणाऱ्याच्या पाठीशी. आणि ड्रायव्हर बंद. फक्त जाड काठाची चकती, जिला पटर म्हणतात, ती वापरायची. ती हळू जाते, जवळ पडते, बुटाला लागली तर बूटच पुसावा लागतो. तरबेज खेळाडू नाक मुरडतील. मुरडू देत. त्यांच्यासाठी हा कोर्स नाहीच.

हाच हिशेब पुढे नेला तर आमच्या नोडमधल्या (नवी मुंबईतल्या वसाहतींना नोड म्हणतात) बागा बाद होतात, आणि त्या बाद व्हाव्यात असंच माझं मत आहे. एका टोपलीला अर्धा ते एक एकर लागतो. नेरूळ, वाशी, कोपरखैरणेच्या सेक्टरांमधल्या बहुतेक बागा दोन-तीन एकरांच्या, त्यात ट्रॅक, झोपाळे, ओपन जिम, हास्यक्लब आणि ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा. तिथे टोपली ठोकणं म्हणजे आजोबांशी उभं वैर. ठाण्यात कोलशेतला 2024मध्ये झालेलं नवं सेंट्रल पार्क साधारण वीस एकरांचं, पण रविवारी तिथली गर्दी पाहिलेला माणूस चकती बाहेर काढणार नाही. ठाणेकर मला याबद्दल माफ करतील, किंवा येऊर दाखवतील. येऊरला नको. ते जंगल आहे, ते तसंच राहू द्या.

उरतं खारघर. सिडकोचं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचं, सेंट्रल पार्क 119 हेक्टरचं म्हणून आखलेलं, म्हणजे तीनशे एकरांच्या आसपास. पाठीशी डोंगर, मधे मोकळं गवत. 2023च्या नोव्हेंबरमध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, तिला सेंट्रल पार्क नावाचं स्टेशनच आहे. तळोजाची एखादी मुलगी शाळेच्या दप्तरात एक चकती टाकून तिकडे येऊ शकते. दुसरा कुठला खेळ आहे ज्याचं सगळं सामान दप्तरात मावतं?

आणि पार्काला लागूनच सिडकोचं गोल्फ कोर्स आहे. शंभर हेक्टरच्या आसपास. मला गोल्फशी वैर नाही, माझ्या ओळखीचे दोघंजण तिथे मनापासून खेळतात. पण फी भरून, साधनं घेऊन, बूट घालून तिथे किती माणसं पोचतात आणि कुंपणाच्या अलीकडे किती माणसं आहेत, हे कुणीही एका रविवारी उभं राहून मोजावं. सार्वजनिक जमिनीवर चेंडू खळग्यात घालायला शंभर हेक्टर निघतात, तर चकती टोपलीत टाकायला शेजारच्या पार्कातले सात-आठ एकर, तेही कुणाचे हिरावून न घेता, का निघू नयेत? डिस्क गोल्फच्या जागेवर बाकीच्या वेळी पतंग उडवता येतो, डबा खाता येतो, झोपता येतं. नऊ खांब मधे उभे असतात, एवढंच.

आता बोर्डाकडे वळते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

आपली उद्यानं पाहण्यासाठी बांधली जातात. कारंजं, दगडी हत्ती, कापून गोल केलेली झुडपं, सेल्फी पॉइंट आणि या सगळ्याभोवती पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक. माणसाने ट्रॅकवर फिरायचं आणि गवताकडे बघायचं. बाईने तर फिरायचंच. माझ्या वयाच्या बायकांना बागेत तीन गोष्टी करता येतात: चालणं, बसणं आणि नातवंडं सांभाळणं. मैदानावर गेलो तर तिथे एकाच वेळी सहा क्रिकेटच्या मॅच, एकमेकींच्या पोटात घुसलेल्या, आणि सगळ्या मुलग्यांच्या. त्यांचा दोष नाही, त्यांना तरी दुसरं मैदान कुठे आहे. आमच्या भागातल्या शाळेच्या मैदानाला शाळा सुटली की कुलूप. पूर्वी मुलं भिंतीवरून उड्या मारायची, आता भिंतीवर काचा आहेत. ज्यांच्या खिशात पैसे आहेत ते टर्फवर जातात, तासाला हजाराच्या वर मोजून. बाकीचे सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या चेंडूने खेळतात आणि वॉचमनच्या शिव्या खातात.

खेळाची जागा या शहरात किती कच्च्या दोरीने बांधलेली आहे ते घणसोलीने दाखवलं. शासकीय क्रीडासंकुलासाठी तिथे 20 एकर राखलेले होते. 2021मध्ये सरकारने ठरवलं की संकुल रायगडमधल्या माणगाव तालुक्यात न्यायचं, इथून शंभर किलोमीटरपेक्षा लांब. घणसोलीच्या मुलाने कबड्डीच्या सरावाला माणगावला जायचं! वास्तुविशारदांची संघटना कोर्टात गेली, 2024मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला दाद दिली नाही. निकाल चांगला लागला, पण वीस एकर जागचे हलू नयेत म्हणून दिल्लीपर्यंत जावं लागलं.

म्हणूनच "हे परदेशी चोचले कशाला, आपले खेळ काय कमी आहेत" असं कुणी म्हटलं की मला जरा हसू येतं. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या, सगळे हवेत. मग आखा ना त्यांच्यासाठी जागा. विटीदांडूचं नाव घेणाऱ्यांपैकी कुणी महापालिकेकडे आट्यापाट्यांच्या पाट्या आखून मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आपल्या खेळांची आठवण आपल्याला दुसऱ्याच्या खेळाला नाही म्हणताना येते. शिवाय सेंट्रल पार्कात टोपल्या लागल्या म्हणून लगोरीचे सात दगड कुणी पळवून नेणार नाही.

बोर्डाच्या बाजूने एक मुद्दा मात्र मला नाकारता येत नाही: झाडं. चकती खोडावर आदळते तेव्हा साल सोलते. एकदा नाही, रोज, त्याच उंचीवर. जुन्या कोर्सवर वाटेतल्या झाडांची खोडं खरचटून पांढरी पडलेली दिसतात, टोपलीभोवतीचं गवत पावलांनी उडून जातं, पाऊस आला की माती वाहते. खारघरच्या उतारावर ती वाहणारच. उपाय आहेत, वाटेतल्या खोडांना काथ्या गुंडाळायचा, कोवळी झाडं वाटेत घ्यायचीच नाहीत, टोपल्यांसाठी दोन-दोन जागा ठेवून दर काही महिन्यांनी हलवायच्या. पण हे सगळं कुणीतरी करावं लागतं, आणि आपल्याकडे उद्घाटनाला सगळे असतात, देखभालीला कुणी नसतं. ओपन जिमचंच बघा. आली तेव्हा केवढी रांग लागायची. आता आमच्या बागेतल्या सायकलला एकच पॅडल आहे आणि एक काका रोज त्या एका पॅडलवर एका पायाचा व्यायाम करतात. दुसऱ्या पायाचं काय करतात, विचारायचं राहिलंय.

पावसाळ्यात तर कोर्स बंदच ठेवावा. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो इथे, ऑगस्टमध्ये गवत कमरेला लागतं आणि डोंगराच्या पायथ्याला त्या गवतात घोणस असते. हरवलेल्या चकतीसाठी तिथे हात घालणाऱ्याला शहाणा म्हणता येणार नाही. जून ते ऑक्टोबर टोपल्या काढून गोदामात, दिवाळी झाली की परत. म्हणजे खांब जमिनीत गाडण्याऐवजी जमिनीत नळी गाडायची आणि खांब तिच्यात उभा करून कुलूप लावायचं. भंगारवाल्यांचाही बंदोबस्त होतो. गटाराची झाकणं जिथे टिकत नाहीत तिथे साखळ्या टिकतील अशी आशा मी करत नाही.

खर्चाची भीती घालणाऱ्यांसाठी: पक्की टोपली परदेशात तीनशे ते पाचशे डॉलरला मिळते. नऊ टोपल्यांचे तीन-चार लाख धरा, वाहतूक आणि कर वर. एखाद्या प्रवेशद्वाराच्या कमानीला याहून जास्त लागत असतील. आणि मागवायचीही गरज नाही, पाइप वाकवणारे आणि साखळी जोडणारे तुर्भे-तळोजात पैशाला पासरी आहेत.

खर्चाची नाही, मला भीती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. टोपल्या लोकप्रिय झाल्या की कुणाच्या तरी डोक्यात येईल की इथून उत्पन्न मिळू शकतं. मग निविदा निघेल. मग हिरवी जाळी, तिकीट खिडकी, भाड्याच्या चकत्या, "बाहेरील डिस्क आणण्यास मनाई", कॉर्पोरेट टूर्नामेंट, आणि कोपऱ्यात सँडविचचा स्टॉल. तसं होणार असेल तर मी आजच सांगते, मला हा कोर्स नको. जाळी लागली की आजोबा सुरक्षित होतील हे खरं, पण त्यांच्या चालण्यातून आठ एकर जातील, आणि तळोजाची मुलगी जाळीबाहेर उभी राहील. चालणारा आणि खेळणारा एकाच गवतावर, ही या खेळाची अडचण आहे आणि त्याची किंमतही तीच आहे. समोरून कुणी येतंय का हे बघून हात आवरायला शिकवणारे खेळ आपल्याकडे फार नाहीत. पार्किंगमधल्या क्रिकेटमध्ये आधी फटका मारतात, मग "सॉरी काकू" ओरडतात.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. नऊसुद्धा आत्ता नकोत. तीन टोपल्या द्या, उचलून नेता येतील अशा, दिवाळीनंतर होळीपर्यंत, शनिवार-रविवार सकाळी नऊपर्यंत. पार्काच्या डोंगराकडच्या बाजूला, ट्रॅकपासून लांब. दर टोपलीपाशी मराठीत पाटी, तिच्यावर "मनाई आहे" हे शब्द न वापरता: समोर माणूस असेल तर थांबा. आणि गेटवर एक वही, तक्रारींची. होळीला ती उघडून बघा. एकालाही लागलं असेल तर टोपल्या घेऊन जा, मी स्वतः उचलू लागेन.

तोवर हातावर हात ठेवून बसायला नको म्हणून मागच्या आठवड्यात मी तुर्भ्याला एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात गेले, एका टोपलीचा भाव काढायला. वहीच्या कागदावर चित्र काढून दिलं. खांब, वर कडं, साखळ्या, खाली जाळी. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून तिथल्या वेल्डरनी चित्र आडवं-उभं करून पाहिलं. "तुळशीला का ताई?" मी नाही म्हटलं. "मग पक्ष्यांना दाणे?" मी पिशवीतून चकती काढून दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन तोलली, गाळ्याच्या दारातून बाहेर बघितलं, रस्त्यावर एक टेम्पो मागे येत होता. टेम्पो जाईपर्यंत थांबले, मग समोरच्या रिकाम्या ड्रमकडे फेकली. ड्रमच्या डावीकडून गेली.

चकती उचलून आणल्यावर त्यांनी विचारलं, "बाहेर पावसात राहणार का ही?"

"पावसाळाभर आत ठेवू."

"तरी गॅल्व्हनाइज करून घ्या. खाडीची हवा आहे. काळ्या साखळीचा दोन वर्षांत भुगा होईल."